फोन कुणाचा, चावी कुणाकडे?

(समुपदेशन केंद्रांत आणि गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला दिलेला विषय असा आहे : नवा फोन घेताना अँड्रॉइड घ्यावा की आयफोन? विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत थोडं हसू झालं. मारहाण, पोटगी, रेशन, घर नावावर होणं, एवढं सगळं समोर असताना हा दुकानदाराचा विषय इथं कशाला, असं काही जणींना वाटलं असेल. पण केंद्रात बाई हकीगत सांगायला बसली की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला फोन येतोच. "त्यांनी फोन फोडला." "फोन काढून घेतला." आणि हल्ली वरचेवर ऐकू येणारं वाक्य : "ताई, मी कुठं जाते, कुणाशी बोलते, ते त्यांना आपोआप कळतं." पहिल्या दोन वाक्यांचं काय करायचं ते आपल्याला ठाऊक आहे. तिसऱ्यापाशी आपण अडतो. आपल्याच संस्थेच्या बैठकीत यंदा कार्यकर्त्यांचे फोन बदलायचे ठरले, तेव्हा दीड तास वाद झाला तो किमतीवर, कॅमेऱ्यावर आणि 'आयफोन म्हणजे चैन' यावर. तो फोन कुणाच्या खात्यावर चालणार, हा प्रश्न शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा कुणीतरी विचारला. आज मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली. स्वतः वापरण्याचा मोबाइल आपल्याकडे आहे असं सांगणाऱ्या बायका देशभरात सुमारे ५४ टक्के निघाल्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांकडे तोही नव्हता. आणि ज्यांच्याकडे होता, त्यांतल्या किती जणींनी तो स्वतः दुकानात जाऊन निवडला, हे त्या आकड्यात दिसत नाही.

आपल्या घरांत फोन कसा 'बदलतो' ते आठवा. नवा फोन येतो नवऱ्याला नाहीतर मुलाला. नवऱ्याचा जुना मुलाकडे जातो, मुलाचा त्याहून जुना आईकडे. पातेल्यात उरलेलं शेवटी बाईच्या ताटात यावं, तसा फोन येतो. फरक एवढाच, की उरलेल्या भाजीला आधीच्या जेवणाऱ्याची आठवण नसते, फोनला असते.

तालुक्याच्या गावातली एक ताई, घरी शिवणकाम करणारी. नवऱ्यानं स्वतःला नवा फोन घेतला आणि जुना अँड्रॉइड तिला दिला. सिम तिचं घातलं, पण आतलं गूगल खातं त्याचंच राहिलं. ती माहेरी निघाली की कुठल्या थांब्यावर उतरली ते त्याला घरबसल्या दिसे. तिनं गिऱ्हाइकांसाठी काढलेले ब्लाउजचे फोटो त्याच्या फोनात जाऊन पडत, आणि बहिणीच्या घरी काढलेलेही. "त्यांनी फोनमध्ये काहीतरी घातलंय," असं म्हणत ती आली. बघितलं तर त्यानं काहीही घातलेलं नव्हतं. जे होतं ते काढलं नव्हतं, एवढंच.

दुसरी शहरातली, चांगल्या नोकरीतली. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्यानं आयफोन दिला. तिच्या मैत्रिणींना हेवा वाटावा असा. फक्त तो त्यानं दुकानातूनच 'चालू करून' आणला होता. ॲपलचं खातं त्यानं उघडलं, पासवर्ड त्यानं ठरवला, विसरलास तर मी आहे म्हणाला. पुढं दोन वर्षं तिची दिनदर्शिका, फोटो, ठावठिकाणा सगळं त्याच्या टॅबवर उमटत राहिलं.

एक अँड्रॉइड, एक आयफोन. दोघींची गोष्ट एकच. म्हणून मी सुरुवातीलाच सांगते, की 'आयफोन घेतला म्हणजे सुटलो' असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. पण दोन्ही सारखेच, काहीही घ्या, असंही मी म्हणणार नाही. दोघांत फरक आहे आणि तो आपल्या कामाचा आहे.

अँड्रॉइड ही गूगलची प्रणाली. ती अनेक कंपन्या आपापल्या फोनांत घालतात, त्यामुळे सहा-सात हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत फोन मिळतात. आपल्या देशात दहापैकी नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइड आहेत. आयफोनचं यंत्रही ॲपलचं आणि आतली प्रणालीही ॲपलचीच. मला हे असं समजावून सांगायला सोपं जातं : अँड्रॉइड हा जुना वाडा आहे. पुढचं दार, मागचं दार, गोठ्याकडचं दार. घरमालकाला हवं तिथून ये-जा करता येते, आणि दुसऱ्यालाही. आयफोन हा सोसायटीतला फ्लॅट. एकच फाटक, तिथं रखवालदार, वहीत नोंद झाल्याशिवाय कुणी आत येत नाही. चांगलं आहे. पण फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते बघा. नावावर नवरा असेल तर रखवालदार त्याला सलाम करतो आणि तुम्हाला अडवतो.

आता वाड्याच्या मागच्या दाराबद्दल. अँड्रॉइडवर गूगलच्या दुकानाबाहेरून, म्हणजे कुणीतरी पाठवलेल्या फाइलवरूनही ॲप टाकता येतं. फोनचं लॉक माहीत असेल आणि तो थोडा वेळ हाती मिळाला, तर पाळत ठेवणारं ॲप आत घालता येतं. त्याचं चित्रही पडद्यावर दिसत नाही, किंवा 'सिस्टिम सर्व्हिस' असं काहीतरी साळसूद नाव घेऊन ते बसतं. तपासायचं असेल तर चार जागा बघायच्या. प्ले स्टोअरमधलं 'प्ले प्रोटेक्ट' बंद केलेलं आहे का. सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप टाकण्याची' परवानगी कुणाला दिली आहे. 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये, म्हणजे दिसण्या-ऐकण्याच्या मदतीसाठी असलेल्या भागात, आपण न दिलेली परवानगी कुणाकडे आहे. आणि 'डिव्हाइस ॲडमिन'च्या यादीत कोण आहे. कंपनीगणिक या जागांची नावं नि ठिकाणं बदलतात, हा अँड्रॉइडचा खरा त्रास. एका कंपनीच्या फोनवर शिकवलेलं दुसरीच्या फोनवर सापडत नाही.

आयफोनवर हे मागचं दार भारतात तरी नाही. म्हणून पाळत ठेवणारा तिथं खात्यातून येतो : पासवर्ड माहीत करून घेऊन, 'फॅमिली शेअरिंग'मध्ये बसवून, किंवा ठिकाण कळत राहील अशी सोय एकदा चालू करून ठेवून. हे शोधायला मात्र आयफोनवर एक चांगली सोय आहे. २०२२ साली आलेल्या आयओएस १६ पासून सेटिंगमधल्या 'प्रायव्हसी'च्या भागात 'सेफ्टी चेक' आहे. आपलं काय काय कुणाला दिसतंय ते तिथं एका जागी दिसतं, आणि एकेक करून किंवा एकदम सगळं तोडता येतं. ही सोय जवळच्या माणसाकडून छळ होणाऱ्यांचा विचार करूनच केलेली आहे. अँड्रॉइडवर अशी एकच जागा नाही. गूगल खात्यात जाऊन 'तुमची डिव्हाइसेस' बघा, नकाशात जाऊन ठिकाण कुणाला दिलंय ते बघा, फोटोंत जाऊन कुणाशी वाटून घेतलंय ते बघा, असं हिंडावं लागतं.

इथं एक इशारा, आणि तो मी जरा आवाज चढवून देते आहे. सापडलं की लगेच तोडू नका. ज्या क्षणी त्याच्याकडचं चित्र बंद पडतं, त्या क्षणी त्याला कळतं की हिला कळलं. ती संध्याकाळ तिला त्याच घरात काढायची असते. आधी तिच्याशी बोला : तुटल्यावर काय होईल, आज रात्री कुठं असशील, मुलं कुठं असतील. कधी कधी फोन तसाच ठेवून केंद्रात येण्यासाठी तिनं तो घरीच विसरणं हे जास्त शहाणपणाचं असतं. आणि जे दिसलं त्याचे फोटो दुसऱ्या फोनवरून काढून ठेवा. बाईच्या इंटरनेटच्या किंवा मेसेजच्या वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाच्या गुन्ह्यात मोडतं. जुन्या कायद्यात हे २०१३ पासून ३५४-ड होतं. तक्रार द्यायची की नाही ते तिनं ठरवायचं, पण द्यायची झाली तर हाती काही असलं पाहिजे.

हे झालं खास पाळतीबद्दल. खरं सांगायचं तर, आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकारांत असलं काही लागतच नाही. नवरा एकदा तिचा फोन घेतो, व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन आपल्या संगणकावरचा चौकोन टिपतो आणि तिचे मेसेज वाचत बसतो. अँड्रॉइड असो की आयफोन, याला कसलीही आडकाठी नाही, कारण लॉक त्याला माहीत आहे. आणि लॉक का माहीत आहे? कारण 'आपल्यात काय लपवायचं' असं म्हटल्यावर नाही म्हणणारी बाई आपल्याकडे वाईट चालीची ठरते. त्याचं लॉक तिला माहीत असतं का, हे सहज विचारून बघा.

बोटाच्या आणि चेहऱ्याच्या लॉकचंही असंच. झोपलेल्या बाईचं बोट फोनला लावणं अवघड नाही. आयफोनचं चेहऱ्याचं लॉक डोळे उघडे ठेवून फोनकडे बघितल्याशिवाय उघडत नाही, हा त्याचा गुण. बऱ्याच स्वस्त अँड्रॉइडमध्ये चेहऱ्याचं लॉक साध्या कॅमेऱ्यावर चालतं, त्यावर भरवसा ठेवू नये. पण आयफोनमध्ये दुसरा चेहराही नोंदवता येतो, आणि अँड्रॉइडमध्ये चार-पाच बोटं. कुणाकुणाची नोंदली आहेत ते बघा.

याहून मला एक गोष्ट बोलकी वाटते. जानेवारी २०२४ मध्ये आयफोनमध्ये चोरीपासून संरक्षणाची एक सोय आली. चोराला तुमचा आकडा माहीत असला तरी तेवढ्यावर खात्याचा पासवर्ड बदलता येऊ नये, चेहरा लागावा, वर तासभर थांबावंही लागावं. उत्तम. पण ही अट लागू कुठं? 'ओळखीच्या जागां'च्या बाहेर. घरी, कचेरीत ती आपोआप सैल पडते. अँड्रॉइडच्या काही नव्या फोनांत २०२५ पासून तशीच 'आयडेंटिटी चेक' आली, आणि तिथंही 'विश्वासाच्या जागा' आहेतच. चोर रस्त्यावर भेटतो आणि घर सुरक्षित असतं, हे गृहीत धरून यंत्र बनवलं गेलं. आपण चाळीस-पन्नास वर्षं जे ओरडून सांगतो आहोत, की बाईला सगळ्यात जास्त मार घरातच बसतो, ते त्या कारखान्यात पोचलेलं नव्हतं. आयफोनमध्ये पुढच्याच अपडेटमध्ये 'नेहमी' असा पर्याय दिला गेला. ज्या बाईला घरातूनच धोका आहे तिच्यासाठी तो 'नेहमी'वर ठेवावा.

तसंच त्या गोल बिल्ल्याचं, एअरटॅगचं. ॲपलनं तो एप्रिल २०२१ मध्ये बाजारात आणला, किल्ल्या-पिशव्या सापडाव्यात म्हणून. बाईच्या पर्समध्ये, गाडीच्या सीटखाली टाकायला तो किती सोपा आहे हे लवकरच कळलं. अनोळखी बिल्ला बरोबर फिरतोय अशी सूचना आयफोनवाल्या बाईला मिळे. अँड्रॉइडवालीला २०२१ च्या डिसेंबरात वेगळं ॲप उतरवून स्वतः शोधावं लागे, आणि आपोआप सूचना मिळायला २०२३ उजाडलं. दोन्ही कंपन्यांनी मिळून सगळ्या प्रकारच्या बिल्ल्यांसाठी सामाईक पद्धत आणली ती मे २०२४ मध्ये. म्हणजे मधली दोन वर्षं पाळत ठेवणाऱ्याला महागडा आयफोन पुरेसा होता आणि सुटका मात्र तिचा फोन कुठला यावर ठरत होती. आता ही सूचना दोन्हीकडे येते. फोनची अपडेट मात्र चालू हवी, आणि त्यावरून मी किमतीकडे वळते.

फोनची किंमत दुकानात सांगतात ती नसते. फोनला कंपनीकडून सुरक्षेची दुरुस्ती किती वर्षं मिळणार, त्यानं भागा. स्वस्तातल्या कित्येक फोनांना दोन-तीन वर्षांत ती बंद होते. फोन चालतो, पण कुलूप गंजलेलं. दहा हजारांचा फोन अडीच वर्षं म्हणजे वर्षाला चार हजार. सोळा हजारांचा फोन सहा वर्षं म्हणजे वर्षाला तीन हजारांच्या आत. गूगलनं २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं जानेवारी २०२४ च्या एस २४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं. सॅमसंगच्या मधल्या किमतीतल्या ए १६ फाइव्ह-जीला सहा वर्षांचं आहे. आयफोनला साधारण सहा-सात वर्षं मिळतात : २०१८ चे फोन २०२५ च्या नव्या प्रणालीतून वगळले गेले, २०१९ चा आयफोन ११ अजून तीत बसला. हिशेब केला तर आयफोन वाटतो तेवढा महाग पडत नाही, पण एकदम पन्नास-साठ हजार कुठून आणायचे? हप्त्यानं. आणि हप्ता कुणाच्या कार्डावर? पुन्हा फ्लॅट कुणाच्या नावावर, तिथंच येऊन पोचलो. (हुंड्याच्या यादीत मोटारसायकलच्या खाली आता आयफोन येऊ लागला आहे, तो जावयासाठी असतो हे सांगायला नको.)

स्वस्त फोन माथी मारला की काय होतं, हे अंगणवाडी सेविकांनी २०२१ साली राज्याला दाखवून दिलं. सरकारनं दिलेल्या फोनांची मेमरी २ जीबी, वर 'पोषण ट्रॅकर' नावाचं नवं ॲप, तेही तेव्हा इंग्रजीत. फोन तापायचे, बंद पडायचे, दुरुस्तीचा खर्च बाईच्या माथी. शेवटी त्यांनी ते फोन गोळा करून कचेऱ्यांत परत नेऊन दिले. फोन परत करणं हे आंदोलन होऊ शकतं, हे त्या बायकांनी शिकवलं. संस्था म्हणून आपण कार्यकर्तीला फोन देतो तेव्हा आपणही मालक असतो, एवढं ध्यानात ठेवू या.

मराठीचं थोडक्यात. अँड्रॉइडचे मेनू मराठीत कितीतरी आधीपासून होतात. आयफोनवर मराठी लिहिता यायचं, पण मेनू मराठीत व्हायला मार्च २०२५ उजाडला. सासूबाईंच्या, मावशीच्या हातात फोन द्यायचा असेल तर हा फरक आता उरलेला नाही.

कॉल रेकॉर्डिंगबद्दल सगळ्याच केंद्रांतून प्रश्न आला आहे, तेव्हा जरा थांबते. धमक्या येणाऱ्या बाईला आपण 'रेकॉर्ड कर' म्हणतो. अँड्रॉइडमध्ये काही कंपन्यांच्या फोनांत ते गुपचूप होतं. ज्यांत गूगलचं फोन ॲप आहे त्यांत 'हा कॉल रेकॉर्ड होत आहे' असं समोरच्यालाही ऐकू जातं. बाहेरची रेकॉर्डिंग ॲप गूगलनं मे २०२२ पासून आपल्या दुकानात जवळपास बंदच केली. आयफोनवर ही सोय २०२४ च्या शेवटी आली आणि तीही दोघांना ऐकवून. धमकी देणारा ते ऐकून गोड बोलू लागतो किंवा फोन ठेवून घरी येतो. म्हणून घेण्याआधी दुकानातच एक कॉल लावून बघा. आणि हेही लक्षात घ्या : १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पती-पत्नीमधलं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरता येईल असा निकाल दिला. त्या प्रकरणात रेकॉर्डिंग केलं होतं ते नवऱ्यानं, बायकोच्या बोलण्याचं. आपण या निकालाकडे फक्त आपल्या बाजूचं हत्यार म्हणून बघत असू तर ते अर्धंच बघणं झालं. भांडणात बाई काय काय बोलते, आणि ते आधी दोन तास काय झाल्यावर बोलते, यातलं फक्त पहिलंच टेपवर येतं.

आता जुन्या फोनवरून नव्यावर जाणं. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर गेलात तर गूगल ड्राइव्हवरची व्हॉट्सॲपची प्रत उतरते; मात्र ती आता मोफतच्या १५ जीबीत मोजली जाते, जागा भरली की प्रत बनणंच थांबतं. अँड्रॉइडवरून आयफोनवर जायचं तर 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप वापरून २०२२ पासून व्हॉट्सॲपचे संवादही नेता येतात, पण आयफोन कोरा असतानाच. एकदा वापरायला सुरुवात केली की तो पुसूनच पुन्हा बसावं लागतं. आयफोनवरून अँड्रॉइडला वायर जोडून, तेही सुरुवातीलाच. हे दुकानातला पोरगा 'करून देतो ताई' म्हणतो. करून घेऊ नका. निदान खातं उघडताना आणि पासवर्ड घालताना फोन आपल्या हातात असू द्या.

आणि जिची केस चालू आहे, किंवा उद्या होऊ शकते, तिनं जुना फोन बदलीत देऊ नये. हजार-दोन हजारांची सूट मिळते म्हणून तो दुकानात देऊन टाकला, की त्याबरोबर धमक्यांचे मूळ मेसेज गेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, एक भाग आपण भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं. नुसत्या स्क्रीनशॉटच्या छापील कागदांवर समोरचा वकील शंका काढतो. मूळ फोन असला की उत्तर देता येतं. तेव्हा तो न पुसता, बंद करून, चार्जरसकट, घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. संस्थेकडे ठेवलात तर नोंद करून पोच द्या.

जुना वापरलेला फोन विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी *#०६# लावून त्याचा पंधरा आकडी नंबर काढा, आणि केवायएम ही रोमन अक्षरं लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. मालकाचं खातं त्यानं आपल्यासमोर काढलं पाहिजे. नाहीतर आयफोन असो की अँड्रॉइड, पुसल्यावर तो जुन्याच मालकाचा पासवर्ड मागत बसतो.

तर मग घ्यायचा कुठला? तुम्ही माझं मत विचारणारच, म्हणून सांगते. गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना सहा वर्षं दुरुस्ती मिळणारा मधल्या किमतीचा अँड्रॉइड. कारण किंमत तर आहेच, पण त्याहून मोठं कारण असं की ज्या बायकांना आपण शिकवणार त्यांच्या हातात अँड्रॉइड आहे. कार्यकर्तीच्या हातात आयफोन असला तर 'सेटिंगमध्ये इथं जा' हे ती दाखवणार कशावर? केंद्राच्या ज्या एका फोनवर बायकांच्या हकीगती, पत्ते, मुलांच्या शाळांची नावं असतात, तो मात्र आयफोन किंवा सात वर्षांचा अँड्रॉइड असावा, संस्थेच्या खात्यावर, आणि तो कुणीही घरी नेऊ नये. आणि जी बाई घर सोडायच्या विचारात आहे, जिचा नवरा फोनची दुरुस्ती करणारा, संगणकात काम करणारा, पोलिसात असलेला आहे, तिला परवडत असेल किंवा आपल्याला जमवता येत असेल तर मी आयफोन सुचवते. त्याच्या हातांना तिथं कमी वाव आहे आणि सेफ्टी चेक एका जागी आहे. अट एकच : नवा नंबर, नवं खातं, आणि ते खातं तिनं स्वतः, घराबाहेर बसून उघडलेलं. जुन्या फोनची प्रत नव्यावर उतरवायची नाही, नाहीतर जुने वाटेकरी नव्या घरात बिऱ्हाड थाटतात. फोन नंबर लिहून घ्यावे लागतील, कागदावर. लागू देत.

एका मैत्रिणीनं चिठ्ठी पाठवली आहे : "नवऱ्याला न सांगता वेगळं खातं उघडायला सांगणं म्हणजे आपण संसारात संशय पेरत नाही का?" ताई, बँकेत स्वतःच्या नावाचं खातं उघडा असं बचत गटात आपण पहिल्या दिवशी सांगितलं, तेव्हाही हाच प्रश्न आला होता. ज्या घरात सगळं ठीक आहे तिथं वेगळ्या खात्यानं काही बिघडत नाही. जिथं बिघडतं, तिथं का बिघडतं, ते विचारायला आपण बसलो आहोत.

दुसरी चिठ्ठी संकटाच्या बटणाबद्दल आहे. २०१६ च्या केंद्राच्या नियमांनुसार आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनांत ते असायला हवं : साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर चालू-बंदचं बटण भराभर तीनदा. आयफोनवर भारतात तीनदाच चालतं, काही अँड्रॉइडवर पाचदा लागतं. ११२ ला कॉल जातो. आपल्या फोनवर नेमकं काय लागतं ते सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी'खाली वाचा. खरोखर दाबून बघू नका, पोलीस येतील.

आता चहा घेऊ. चहानंतर पाच-पाच जणींचे गट करून बसायचं आहे, प्रत्येक गटात निदान एक आयफोन असेल असं बघितलं आहे. आपापल्या फोनवर तीन गोष्टी काढायच्या : खातं कुणाच्या नावावर आहे, व्हॉट्सॲप आणखी कुठं जोडलेलं आहे, आणि शेवटची सुरक्षा दुरुस्ती कुठल्या महिन्याची आहे. कागद फिरवते आहे, त्यावर नाव लिहायचं नाही. काही सापडलं आणि सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर मी मागच्या खोलीत साडेपाचपर्यंत बसलेली आहे.